एका बाजूचा ब्रेक

रविंद्रच्या हातांना चैन नसायची. सणसरजवळच्या साखर कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. दिवसभर पाइप आणि व्हॉल्व्हचे नकाशे काढायचे, आणि बारामतीला घरी आलं की अर्धा चहा तसाच ठेवून मागच्या खोलीत जाऊन बसायचं. तिथं पत्र्याचे, सागाच्या फळीचे आणि सायकलच्या तारांचे तुकडे पडलेले असायचे. त्यांतून तो इंग्रजांच्या काळातल्या मालगाडीच्या वाघिणी बनवायचा, वीतभर लांबीच्या. वाघीण अंदाजानं बनवायला त्याचं मन धजत नसे. जी जशी होती ती तशीच उतरली पाहिजे, बिजागरीसकट.

त्यासाठी तो पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर इंग्रजी मासिकं धुंडाळायचा, दौंडला जाऊन निवृत्त रेल्वे फिटरांच्या ओट्यावर तासन्‌तास बसायचा. त्याची बायको प्रियदर्शनी म्हणायची, "लोकं पुण्याला जाऊन साड्या आणत्यात. आमच्याकडं वाघिणीचं फोटू येत्यात."

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात त्यानं एक अरुंद रुळांवरची, उघडी, चार चाकांची वाघीण हातात घेतली. विलायतेत शतकाच्या सुरुवातीला बांधलेली. असल्या वाघिणी पुढं इकडं खाणींवर ठेकेदारांकडं गेल्या. तिचे दोनच फोटो त्याला मिळाले होते. एकात चाकाशेजारी ब्रेकचा लांब दांडा स्पष्ट दिसत होता, दुसऱ्यात दांडाच नव्हता. त्याला वाटलं, मोडला असेल. त्यानं दोन्ही बाजूंना दांडे बसवले, करडा रंग दिला आणि वाघीण फळीवर मांडली.

पण ती त्याला झोपू देईना. मोडला असेल तर मोडक्या दांड्याचं बूड तरी दिसायला नको का? कारखान्यात नकाशा काढतानाही कागदाच्या कडेला त्याच्याकडून दांडेच काढले जायचे.

आणखी एका गोष्टीनं तो अस्वस्थ झाला होता. त्याचे वडील, नाना, मुलानं केलेली प्रत्येक वाघीण हातात घेऊन बघायचे, चाकं फिरवायचे. ही वाघीण मात्र त्यांनी दारातूनच पाहिली आणि त्या दिवसापासून स्वतःचं अंथरूण ओसरीवर नेलं.

"नाना, थंडी हाय. आत या की," रविंद्र म्हणाला.

"हवा बरी हाय भाईर," नाना म्हणाले आणि तोंडावर घोंगडी ओढली.

त्याच सुमारास कारखान्यातल्या एका सोबत्यानं सांगितलं की शेळगावात सोपान नावाच्या शेतकऱ्याकडं तसलीच एक जुनी वाघीण आहे, तो तिच्यात कांदा साठवतो. रविंद्रला रविवारपर्यंत धीर धरवला नाही. त्यानं रजा टाकली आणि सकाळीच एम-एटीला किक मारली.

सोपानची डाळिंबाची बाग होती. त्याची बायको छबूबाई विहिरीजवळ टोमॅटो निवडत बसली होती. रविंद्रच्या हातातला टेप बघून ती उठून उभीच राहिली.

"कॅनॉलवाले का रस्त्यावाले?" तिनं विचारलं.

"कोनी न्हाय. तुमची वाघीण मोजायची हाय."

"मोजून काय करनार?"

"लहान बनवायची हाय."

छबूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. सोपान म्हणाला, "आताच कांदा मावत न्हाय तिच्यात. आनखी लहान कशाला करता?"

रविंद्रनं सगळं समजावून सांगितलं. ते सोपानला कितपत पटलं कोण जाणे, पण माणूस वेडा असला तरी निरुपद्रवी आहे एवढी खात्री पटली आणि त्यानं वाट दाखवली. डोंगराकडची खाण बंद पडली तेव्हा सोपानच्या वडिलांनी ती वाघीण आणली होती. चाकं भंगारात गेली, बाकीचा सांगाडा दगडांवर बसवला.

रविंद्र पालथा पडून वाघिणीखाली सरकला. एक कोंबडी फडफडत बाहेर पळाली. एका अंगाला गंजलेला दांडा आणि त्याचा जाड खिळा जागच्या जागी होता. तो सरपटत दुसऱ्या अंगाला गेला. तिथं लोखंडी तुळई सरळसोट होती. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं गंज खरवडला, बोटांनी चाचपलं, पुन्हा खरवडलं. खिळ्यासाठी भोकच नव्हतं. ते कधी पाडलेलंच नव्हतं. ब्रेक एकाच बाजूला होता आणि त्याच्याकडचे फोटो दोन बाजूंचे होते, दोन्ही खरे. छबूबाईनं दिलेला चहा त्यानं उभ्याउभ्याच घेतला. आता कधी घरी जातो असं त्याला झालं होतं.

संध्याकाळी जेवताना तो त्याच नादात बोलत सुटला. "ब्रेक एकाच अंगाला. म्हंजे बघा, उतारावर गाडी सुटली आन् मानूस दुसऱ्या बाजूला असला, तर त्याला सगळ्या वाघिणींना वळसा घालून जायला पायजे. तवर गाडी थांबतीया व्हय?"

नानांचा हात ताटात थांबला. "कुठं बघितलीस तू?"

"शेळगावात. डोंगराकडच्या खाणीतली हाय म्हनं."

नानांनी ताट सरकवलं, हात धुतला आणि ते ओसरीवर गेले.

रविंद्रची आई, पुतळाबाई, त्यांचं ताट झाकून परत येऊन बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या जल्माच्या आधीची गोष्ट हाय. हे त्याच खाणीत कामाला हुते. एकदा दगडानं भरलेल्या वाघिणी उतारावरनं सुटल्या. खाली वडगाव निंबाळकरचा म्हस्कू रूळ साफ करत हुता. दोघांची लई दोस्ती. म्हस्कूचा पाय गेला."

"आन् नाना?"

"ठेकेदार समद्यांपुढं म्हनला, ब्रेक ह्याच्याकडं हुता, हा नुसता बघत उभा ऱ्हायला. ह्यांनी त्याच दिशी काम सोडलं. अजून बाजारात म्हस्कू दिसला की हे गल्ली बदलत्यात."

नाना ब्रेक नसलेल्या अंगाला असले तर, हा एकच विचार रविंद्रच्या डोक्यात रात्रभर घोळत राहिला. उजाडताच त्यानं वाघिणीचा एका बाजूचा दांडा करवतीनं कापला, जागा घासून गुळगुळीत केली आणि ती वाघीण घेऊन ओसरीवर आला.

"नाना, वडगावला चला. म्हस्कूतात्यांना दाखवू."

नानांनी वाघिणीकडं बघितलं नाही. "त्याचा पाय परत येनार हाय का तुझ्या खेळन्यानं?"

रविंद्रला घरात बसवेना. पिशवीत वाघीण घालून तो एकटाच निघाला.

म्हस्कू दारात बाजेवर बसला होता. कुबडी भिंतीला टेकवलेली होती. रविंद्रनं नानांचं नाव सांगितलं आणि वाघीण पुढं केली. म्हस्कूनं ती हातात घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"आमचीच ही," तो म्हणाला. दांड्यावरनं त्यानं बोट फिरवलं. "हिकडनं ब्रेक, तिकडनं मोकळं. बराबर हाय."

"तात्या, ठेकेदार म्हनला ते..."

"रुळात पडलेल्या मानसाला वाघिणीखालचं समदं दिसतं. तुझ्या बापाचं पाय बघितलं म्या. पलीकडच्या अंगाला हुता त्यो. ब्रेक गाठायला टोकाकडं पळत हुता. एका पायातली चप्पल निसटली, तसाच पळत हुता दगडांवनं."

"मग तुमी कुनाला सांगितलं का न्हाई?"

"इचारलं कुनी? दवाखान्यातनं मी घरी आलो तवर ठेकेदारानं मुक्काम हलवला हुता, नाना काम सोडून गेला हुता. पुढं बाजारात मला बघून तोंड फिरवायला लागला. मला वाटलं, लंगडा दोस्त नकोसा झाला आसंल."

रविंद्र पाण्यालाही थांबला नाही. घरी येऊन त्यानं गाडीवरनं उतरता उतरताच सगळं सांगितलं. नाना ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "चप्पल म्हनला त्यो?"

"व्हय. चप्पल निसटली म्हनला."

नाना आत गेले. पुतळाबाईला म्हणाले, "धुतलेला सदरा दे."

वाटेत कॅनॉलच्या पुलाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. कठड्यावर बसले, उठले, चार पावलं घराच्या दिशेनं गेले, पुन्हा येऊन बसले. आपली अस्वस्थता कुणाकडून आली होती, ते रविंद्रला समोर दिसत होतं.

"चल," नाना अखेर म्हणाले.

म्हस्कूनं त्यांना लांबूनच ओळखलं. नाना अंगणात उभे राहिले, पुढं पाऊल टाकीनात.

"लई येळ लावलास, नाना."

"व्हय," नाना म्हणाले.

म्हस्कू बाजेवर जरा सरकला. नाना शेजारी बसले. समोर म्हैस बांधलेली होती. म्हस्कूनं दुधाच्या फॅटचं गाऱ्हाणं काढलं, नानांनी कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीचं काढलं, आणि बोलणं जे सुरू झालं ते दिवस कलला तरी संपेना. खाणीचा विषय निघालाच नाही. रविंद्र वाघीण घेऊन कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

परतताना मागच्या सीटवरून नाना अचानक म्हणाले, "तुझा रंग चुकलाय. करडी नव्हती वाघीण."

रविंद्रनं गाडी हळू केली. "मग कोनता रंग हुता?"

"ध्यानात न्हाय," नाना म्हणाले. "म्हस्कूला इचारतो. परवा जायचंच हाय."