ट्रिगरफिशची हद्द

मालवणात स्कूबाच्या बोटीवर काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ओले सूट वाळत घातले की कुणीतरी सुरू करतंच. आम्ही तिघं : मी, माझ्यासोबत डाइव्हला उतरणारा रफीक आणि बोट चालवणारे बाबलकाका. निम्मे किस्से एकाच माशाचे. ट्रिगरफिश! हातभर लांब, जाड कातडीचा, दात सशासारखे.

रफीकच्या वडिलांच्या जाळ्यात एकदा हा आला. पाठीवरचा काटा ताठ उभा. काकांनी अंगठ्याने दाबून पाहिला, हलेना. रफीकच्या वडिलांनी मागचा छोटा काटा दाबला, मोठा झोपला! खडकाच्या फटीत शिरून मासा हाच काटा उभारतो, मग ओढून निघत नाही.

"देवान हेका कडी देवनच पाठवल्यान!" काका म्हणाले.

अंडी घातली की मात्र हा मासा कुणाचा नसतो. वाळूतल्या खड्ड्यात पहाटे अंडी, अंधार पडता पडता पिल्लं. तेवढा दिवस मादी अंड्यांवर पाणी फुंकत राखण करते. तिची हद्द खड्ड्यापासून वर रुंदावत जाते. डाइव्हला आलेले एक पाहुणे घाबरून सरळ वर निघाले, ती मागे! पायातल्या फिनचा तुकडाच नेला. रफीकने त्यांना आडवं ओढलं, तेव्हा सुटले.

बोटीवर आल्यावर तो म्हणाला, "सर, पळायचं ते आडवं! वरचं पाणीही तिचंच!"

एका उन्हाळ्यात पाणी तापलं आणि प्रवाळ पांढरं पडलं. एक बाई वर येऊन म्हणाल्या, "किती सुंदर! सगळं बर्फासारखं!"

रफीक हळूच म्हणाला, "मॅडम, ते मरायला टेकलंय."



आणि हा किस्सा काकांचा. त्या सकाळी पाणी गढूळ होतं. नांगर टाकला, रफीक खाली गेला आणि लगेच वर आला.

"काका, नांगर ओढू नकात! घरट्याक लागान पडलो आसा. ती साखळेक चावता!"

पाहुणे घाई करत होते, वारा वाढत होता. काकांनी नांगर खालीच ठेवून दोराला तरंगता बोया बांधला आणि दोर पाण्यात सोडून दिला. दिवसभर बोट इंजिनावर धरून ठेवली. दुपारी मी म्हटलं, "आता काढूया?"

"आज नको गो. तिची सांज होवंदे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. रफीक खाली जाऊन आला.

"गेली सगळी?" काकांनी विचारलं.

"गेली. खड्डो रिकामो."

काकांनी दोराला हात घातला. मग थांबले, डोक्यावरची टोपी काढली आणि नांगर हळूहळू वर घेतला.