जीवनकुंडातले मासे

‘पाणी हे आमच्यासाठी साधन नाही, संस्कार आहे.’

हे वाक्य काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरून कंपनीच्या गेटवर बसवलेलं होतं. मी ते वाचत उभी होते तेव्हा त्याच्याखालून गोरख बाहेर पडला. गोरख म्हणजे तिथल्या सांडपाणी प्लांटचा ऑपरेटर. त्याच्या हातात किराणा दुकानातली प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत केशरी रंगाचे मेलेले मासे होते.

"कुठे निघालास?"

"पुरायला, मॅडम. अण्णा म्हनले, गेटच्या आत नको."

मी सांडपाण्याची इंजिनियर. नगरला, आता अहिल्यानगर म्हणायचं, माझं छोटं ऑफिस आहे. कारखान्यातून बाहेर पडणारं घाण पाणी ओढ्यात सोडण्याआधी स्वच्छ करावं लागतं. ते करणारी यंत्रणा, म्हणजे ईटीपी, बिघडली की मला बोलावतात. माझं आयुष्य साखर कारखान्यांच्या आणि डिस्टिलऱ्यांच्या मागच्या बाजूला गेलं. पुढच्या बाजूला पुतळा आणि कारंजं असतं, मागच्या बाजूला मी असते. त्या लोकांबद्दल एक चांगलं सांगते. आपण घाण करतो हे त्यांना माहीत असतं. ते फक्त नाकारतात.

ही कंपनी वेगळी होती. पुणतांब्याच्या बाजूला, पेरू-डाळिंबांच्या बागांमध्ये. ऑरगॅनिक ज्यूस, काचेच्या बाटल्या, घरचा कारभार. थोरले अण्णासाहेब चेअरमन. धाकटे विलासराव मॅनेजिंग डायरेक्टर. अण्णांच्या पत्नी सुमनवहिनी यांना कुठलंच पद नव्हतं, म्हणून कारखाना त्या चालवत. ज्यूस चांगला होता, हे मान्य करायला हवं. तेवढंच करून थांबले असते तर मला हे लिहावं लागलं नसतं.

पण थांबतो कोण! रिसेप्शनची भिंत शेणाने सारवलेली होती आणि समोर एसी होता. एसीच्या हवेने शेणाला तडे गेले होते. अण्णांचं व्हिजिटिंग कार्ड हातकागदाचं, आत तुळशीचं बी. कुंडीत पेरलं की रोप येतं, असं कार्डावरच छापलेलं. मी पेरलं होतं. कार्ड कुजलं, तुळस आली नाही.

अण्णांनी मला थेट मागे नेलं. ईटीपीच्या शेवटच्या टाकीला त्यांनी एका बाजूने काच बसवली होती, आत दिवे सोडले होते आणि वर पितळी पाटी लावली होती: ‘जीवनकुंड’. कल्पना अशी, की शुद्ध झालेलं पाणी इथे येतं, त्यात मासे पोहतात, पाहुणे काचेपाशी उभे राहून फोटो काढतात. मासे पोहत असतील तर पाणी शुद्ध, याहून सोपा पुरावा नाही. अडचण एकच होती. मासे मरत होते. कोपरगावहून नवे आणायचे, सोडायचे, ते पुन्हा मरायचे.

"गुरुवारी मुंबईची मोठी पार्टी येतेय," अण्णा म्हणाले. "राज्यभर दुकानं आहेत त्यांची. त्यांना हे कुंड दाखवायचंय. मॅडम, काहीही करा, मासे जगले पाहिजेत."

"मासे की पाणी?"

"एकच ना ते?"

मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

दुकानदार आजारी मासे देतो, असा अण्णांना संशय होता. एका वास्तुतज्ज्ञाने कुंड आग्नेयेला असल्याचं निदान केलं होतं. पाण्यातच काही असेल ही शक्यता मात्र त्यांनी निकालात काढली होती.

"आपल्या पाण्यात केमिकलच नाही. बाटल्या धुतो, फळं धुतो, यंत्रं धुतो. जातो तो नुसता रस. डाळिंबाचा, पेरूचा. माणसाला पाजतो आपण तो. माशाला कसा बाधेल?"

इथे थोडं समजावून सांगते, कारण ही चूक फक्त सज्जन माणसंच करू शकतात. रस म्हणजे साखर. साखर पाण्यात गेली की सूक्ष्म जिवाणू तिच्यावर तुटून पडतात. खाताना ते श्वास घेतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. मग माशाला काही उरत नाही. पाण्यातल्या खाण्याजोग्या घाणीला किती ऑक्सिजन लागेल, त्याच्या मापाला आम्ही बीओडी म्हणतो. शहराच्या गटारापेक्षा ज्यूस कारखान्याच्या पाण्याचा बीओडी जास्त निघतो. जगातला सगळ्यात पवित्र रस घ्या आणि तळ्यात ओता. मासे मरतील.

ईटीपीत हीच गोष्ट आपण मुद्दाम आणि आवरून घडवतो. मोठ्या टाकीत जिवाणू पाळायचे, त्यांना साखर खाऊ द्यायची आणि खालून ब्लोअरने, म्हणजे मोठ्या पंख्यासारख्या यंत्राने, सतत हवा द्यायची. जिवाणू जगले की पाणी तपकिरी दिसतं आणि नांगरलेल्या शेतासारखा वास येतो. इथे पाणी काळं होतं आणि वास सडलेल्या अंड्यांचा. मीटर बुडवला. ऑक्सिजन जवळजवळ शून्य.

आणि ब्लोअर तर माझ्यासमोर घुंऽऽ करत व्यवस्थित चालू होता.

"हा कायम चालू असतो?" मी गोरखला विचारलं.

गोरखने आभाळाकडे बघितलं. "असतो की. आत्ता चालूच हाय."

जेवायला अण्णांच्या घरी नेलं. घर कारखान्याला लागून. वहिनींनी बाजरीची भाकरी आणि शेंगोळी वाढली. जेवण होईपर्यंत ती घुंघुं ऐकू येत होती. नंतर मी, ओढा बघून येते, असं सांगून निघाले. कुंपणाबाहेर पडले आणि थोड्या वेळात आवाज बंद झाला.

ओढ्याच्या कडेला एक विहीर आहे. ती सिंधूबाईंची. मोटर चालू करून त्या म्हशीसाठी पाणी भरत होत्या. पाण्याला तोच वास होता.

"बाई, तुमी मशीन बघाया आलाय का मासं बघाया?"

"दोन्ही."

"मासं मरत्यात म्हनून तुमाला नगरवरनं बोलावलं. आमी सालभर बोंबलतोय, आमच्यासाठी कुनी आलं न्हाई. हे पानी म्हैस बी नाक मुरडून पिती. प्यायचं पानी मी देवळाच्या नळावरनं डोक्यावर आनते."

"अण्णांना सांगितलंत?"

"सांगितलं की. पानी मागाया गेलं की ज्यूस देत्यात." त्यांनी ओसरीकडे बोट केलं. तिथे कंपनीच्या बाटल्यांचे क्रेट रचलेले होते. "पोरीला सातवा लागलाय. बाळंतपनाला हितंच यायची हाय. तान्ह्या लेकराला काय डाळिंबाच्या रसानं न्हाऊ घालू?"

मी ब्लोअरबद्दल विचारलं.

"ते घुंघुं व्हय? ते चालू झालं की आमी समजतो, अण्णाकडं पावनं आलं. पावनं गेलं की गप."

मी परत गेले आणि पॅनल उघडलं. ब्लोअरवर टायमर बसवला होता: पाहुणे आले की बटण दाबायचं, ठरलेला वेळ झाला की ब्लोअर आपोआप बंद. तो विलासरावांनी बसवला होता, हे त्यांनी स्वतःच, थोड्या अभिमानाने सांगितलं. अण्णांकडे पाणी होतं, तशी विलासरावांकडे ऊर्जा होती. अण्णांचं कुंड मागे, तर विलासरावांचा डिजिटल बोर्ड पुढे रिसेप्शनमध्ये: ‘आज वाचवलेली वीज’. लाल आकडे, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर वाढत जाणारे. दोघांना वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळी सन्मानचिन्हं दिली होती आणि ती दोन वेगळ्या कपाटांत होती. कोल्ड स्टोरेज सोडलं तर त्या आवारात सगळ्यात जास्त वीज ब्लोअर खातो. म्हणजे तो बंद ठेवला की बोर्ड धावतो.

"विलासराव, ब्लोअर बंद का?"

"बंद नाही मॅडम, रेस्टवर आहे."

"जिवाणूंना रेस्ट लागत नाही."

"माणसंसुद्धा झोपतातच की."

"झोपेत श्वास घेतात ना?"

अण्णा भावाकडे वळले. "म्हणजे माझे मासे तू मारलेस?"

"तुमचे मासे दोन पाहुण्यांना दिसतात, अण्णा. माझा बोर्ड वेबसाइटवर लाइव्ह असतो."

मी उपाय सांगितला. टायमर काढायचा, ब्लोअर सतत चालवायचा, दुसऱ्या चालू प्लांटमधून जिवंत गाळ टँकरने आणून टाकीत सोडायचा. दुधाला विरजण लावतात तसं. मग काही आठवडे थांबायचं.

"आठवडे?" अण्णा म्हणाले. "गुरुवारपर्यंत करा."

"जिवाणूंना पाहुणे येतायत हे माहीत नसतं."

गुरुवारी टेक्निकल प्रश्न निघालाच तर, म्हणून अण्णांनी मला परत बोलावलं. गेले तर कुंडात निळंशार पाणी आणि तरतरीत मासे! ईटीपीकडून कुंडात येणारा पाइप बंद करून त्याला बूच मारलं होतं. आत बोअरचं पाणी भरलं होतं. दगडांआड मत्स्यालयात असतो तसला छोटा हवेचा पंप बुडबुडे सोडत होता. ईटीपीचं पाणी आता कुंडाला वळसा घालून थेट ओढ्यात जात होतं, पूर्वीइतकंच काळं.

"बघा," अण्णा म्हणाले, "शेवटी जगले."

मुंबईचे साहेब तरुण होते. कॅनव्हासचे बूट, हातात मोबाईल. त्यांनी शेणाच्या भिंतीला हात लावून पाहिला. बोर्डाचा व्हिडिओ घेतला. त्या दिवशी ब्लोअर चालू असल्यामुळे बोर्ड मरगळलेला होता, पण ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. मग सगळे कुंडापाशी आलो. अण्णांनी पाण्यावर भाषण सुरू केलं. पंचमहाभूतं, सात पिढ्या, थेंबाचं ऋण. मागे ब्लोअर घुंऽऽ करत होता.

आणि तो चालू असल्यामुळेच, कुंपणाच्या फटीतून, डोक्यावर हंडा घेऊन सिंधूबाई आल्या. पाहुणे आलेत हे त्यांना कोणी सांगायची गरजच नव्हती.

"सिंधूताई, आत्ता नको," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले.

"मी कुटं काय म्हनते? मासं लई चांगलं हायती, अण्णा." त्यांनी हंडा काठावर ठेवला. "एक मासा द्या. माझ्या हिरीचं पानी हाय ह्यात. मासा जगला तर मी बी हेच पानी पिते अन् लेकीला बी पाजते. तुमच्याच कुंडाला खोटं कसं म्हनू?"

साहेबांना हे फारच आवडलं. "वॉव. द्या ना एक," ते म्हणाले आणि मोबाईल वर केला. पाहुण्यांसमोर अण्णा नाही म्हणू शकले नाहीत. गोरखने जाळीने एक मासा काढून हंड्यात सोडला. मासा एक फेरी फिरला, वर आला आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडत-मिटत राहिला.

हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे. नव्या पाण्यात मासा बुजतोही. पण हंड्याचा वास एव्हाना साहेबांच्या नाकापर्यंत पोहोचला होता.

"असं का करतोय तो?"

"लाजतोय," विलासराव म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "श्वास मिळत नाहीये. विहीर ओढ्याला लागून आहे. ओढ्यात येतं ते ह्यांच्या टाकीचं पाणी."

"पण कुंडातले मासे तर मस्त आहेत."

"कुंडात बोअरचं पाणी आहे."

"आणि हे मशीन चालू आहे ना?"

"त्ये तुमच्यासाठी लावलंय, साहेब," सिंधूबाई म्हणाल्या. "तुमी गेला की गप हुतंय."

साहेबांनी मोबाईल खाली घेतला आणि थंडपणे सांगितलं, की विहिरीच्या पाण्याचा चांगला रिपोर्ट आल्याशिवाय ऑर्डर निघणार नाही, आणि तो रिपोर्ट त्यांची माणसं न कळवता येऊन काढतील.

अण्णांनी विलासरावांकडे बघितलं, विलासरावांनी कुंडाकडे. इतका वेळ मागे उभ्या असलेल्या सुमनवहिनी पुढे आल्या.

"गोरख, तो टायमर काढ."

"वहिनी, बोर्डाचं काय होईल?" विलासराव म्हणाले.

"तोही काढ. आणि सिंधूताई, विहिरीला वास आहे तोवर रोज टँकर येईल. ज्यूस नाही, पाणी."

टायमर निघाला. नेवाशाकडच्या एका प्लांटमधून मी गाळाचा टँकर आणवला. टाकी हळूहळू काळ्याची तपकिरी झाली. विहिरीला जास्त वेळ लागला, कारण मुरलेलं पाणी बाहेर सोडताना जमीन कोणाचं ऐकत नाही. सिंधूबाईंची लेक आली तेव्हा वास होताच. बाळाची पहिली अंघोळ टँकरच्या पाण्याने झाली. बारशाला मला बोलावलं होतं. तोवर विहिरीचा वास गेला होता, रिपोर्टही चांगला आला होता, आणि सिंधूबाईंनी त्याच पाण्याचा चहा करून माझ्यासमोर ठेवला. मी मीटर नेला नव्हता. चहा प्यायले.

त्यानंतर कुठल्याही कारखान्यात गेले की मी आधी शेजारच्या घरी जाते. गेटवर काय कोरलंय ते परत येताना वाचते.

कंपनीला ऑर्डर मिळाली. रिसेप्शनमध्ये त्याच जागी आता ‘आज लावलेली झाडं’ असा बोर्ड आहे. अलीकडेच त्यांची चकचकीत पुस्तिका माझ्याकडे आली. त्यात एक पानभर फोटो आहे: हंडा, त्यात केशरी मासा, शेजारी सिंधूबाई, कपाळाला आठ्या. खाली मजकूर आहे: ‘ग्रामीण महिलांसाठी मत्स्यपालन प्रकल्प. पहिली लाभार्थी.’

त्या प्रकल्पातला एकुलता एक मासा त्याच संध्याकाळी सिंधूबाईंच्या मांजराने खाल्ला होता.