एकविसावी जोडी

आखाडा बाळापूरच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. पेशी-विभाजनाचा धडा आला की पोरं जांभया देतात अन् मी फळ्यावर खडू आपटतो. अरे, बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीतलं एक इकडे जातं, एक तिकडे, एवढंच तर आहे! दरवर्षी घसा फोडून सांगितलं, अन् माझ्याच पेशींना ते जमत नव्हतं.

बायकोचा तीनदा गर्भ पडला. आम्ही बौद्ध माणसं, ग्रहण-बिरण पाळत नाही, नवस बोलत नाही. तरी आई म्हणायचीच, "हिच्या अंगात लेकरू ठरतच न्हाई." अंधश्रद्धा सोडली, पण सुनेला बोल लावायचं काही सुटलं नाही.

शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. बायकोचं सगळं बराबर होतं. माझी एकविसाव्या नंबरची दोन्ही गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली निघाली. मला स्वतःला काही तकलीफ नाही, कारण शरीरात कमी-जास्त काहीच नाही. पण बीजपेशीत एकतर दोन्ही जातात, नाहीतर एकही नाही. एकही नसलं तर गर्भ टिकत नाही. दोन्ही गेली तर लेकरात तीन होतात. तेही बहुतेक पडतं, जगलंच तर डाऊन सिंड्रोम घेऊन येतं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बाबतीत तिसरी शक्यता नाही, सर."

बायको बसमध्ये रडली नाही. एवढंच म्हणाली, "आईला सांगा. माझ्यावरचा बोल तरी उतरंल."

सांगितलं. वाटलं होतं, आई मानणार नाही. तिनं लगेच मानलं, अन् उठून दार लावलं. "बाहेर बोलू नको. तुझ्या भावाची सोयरीक चालू हाय."

"अगं, हे माझ्यापासूनच सुरू झालं. आई-बापात असतं तर मी असा धडधाकट जन्मलोच नसतो. त्याला काही धोका न्हाई."

"लोकाला काय खडू घेऊन समजावणार हायेस?"

रविवारी डोंगरकड्याहून पोरीकडचे पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं विचारलंच, "थोरल्याला लेकरू न्हाई?"

"सुनेत दोष हाय," आई म्हणाली.

शब्द माझ्या तोंडात तयार होता, आईशप्पथ. समोर भाऊ नवा शर्ट घालून बसलेला. बायको पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थांबली अन् माझ्याकडं बघत राहिली.

म्हातारी माझ्याकडं वळली. "खरं का, सर?"

मी म्हणालो, "व्हय."