चुलवणातला दगड

भूतपिशाच्चावर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरीही हे लिहितो आहे, कारण जे पाहिले ते नाकारता येत नाही.

नव्वदच्या दशकात, शिक्षकाची नोकरी संपल्यावर, मी बारामती-इंदापूरकडच्या जुन्या दफनभूमी पाहत हिंडत असे. ज्यांची दखल गावाच्या दप्तराने घेतली नाही, त्यांचा इतिहास तिथेच मिळतो. पणदऱ्याजवळच्या वस्तीवर तात्या भेटले; वालचंदनगरला नोकरी करून निवृत्त झालेले, बौद्ध. धर्मांतरापूर्वी त्यांच्याकडे मृतांना पुरून उशाशी दगड ठेवीत. आईचा दगड त्यांना मला दाखवायचा होता.

दफनभूमीच्या जागी ऊस उभा होता. तिथले दगड शेजारच्या गुऱ्हाळात, काहिलीखालच्या चुलवणाच्या तोंडाशी बसवलेले...

"त्यो कड तुटल्याला, माझ्या आईचा," तात्या मालकाला म्हणाले. "तेवढा काढून द्या, आबा."

"नाव लिवलंय व्हय त्याच्यावर?" आबा हसला.

"लिवायला शिकवलं हुतं कुणी आमाला?"

आबा काहिलीकडे वळला. पण गुऱ्हाळावर आलेल्याला गूळ दिल्याशिवाय पाठवीत नाहीत. त्याने रीत पाळली. ढेप फोडून आमच्या हातावर तुकडे ठेवले.

मी तुकडा मोडला. आत लांब पांढरा केस होता. ओढला, तर येतच राहिला. तात्यांच्या तुकड्यातही केस. फुटलेल्या ढेपेत तर गुंताच – ओलसर, जुन्या बायका डोक्याला चोपडत त्या करंजेलाचा वास येणारा. उकळत्या काहिलीतून निघालेल्या गुळात!

"माझ्याकडं काय बघताय?" काहिलीवरच्या गुळव्याने टक्कल पुढे केले. "हाय का हितं एक तरी?"

मी बाहेर जाऊन ओकलो.

तात्या शांतपणे म्हणाले, "आमी भूतबित मानत न्हाय, आबा. दगूड मागतोय फकस्त."

आबाने जाळ ओढायला लावला. दगड निवेपर्यंत आम्ही थांबलो. तेवढ्यात त्याने ती ढेप उकिरड्यावर फेकली आणि उरलेल्या, फोडून न पाहताच, बाजारासाठी टेम्पोत चढवल्या. केसांची किळस ओकारीबरोबर गेली. त्या टेम्पोची गेली नाही. तेव्हापासून मी गूळ खात नाही.

दगड खांद्यावर घेऊन तात्या बांधावर आले. समोर डोक्याच्या वर ऊस, कुठे खूण नाही.

"गुरुजी," ते म्हणाले, "आता ह्यो ठिवू कुठं?"

ते केस कुठून आले, मला सांगता येत नाही. त्या दिवशी मी फक्त दगडाला दुसऱ्या बाजूने खांदा दिला.