खानावळीपर्यंतची आखणी

मी चौथी शिकलो आणि जन्मभर बंगळुरात फरशा बसवल्या. सिमेंट कालवायच्या आधी सगळ्या फरशा कोरड्या मांडून बघायचो. कापलेला तुकडा दाराआड जातोय की नजरेसमोर येतोय, हे आधीच कळायला हवं. बायकोचं उलटं. दर थंडीत सर्जापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगखाली बायका पावट्याच्या शेंगा सोलायला बसायच्या आणि ही मनानं रचून गोष्ट सांगायची. पुढं काय, ते तिलाही ठाऊक नसायचं.

शेवटची गोष्ट अशी. एक बाई बहिणीकडं निघते, बसमध्ये झोपते, भलत्याच गावात उतरते आणि तिथल्या खानावळीत भाकऱ्या थापायला लागते. नवरा घरी वाट बघतोय. एवढ्यावर ठेवून माझी बायको गेली. झटका आला, संपलं.

यंदा शेंगा आल्या तशा शेजारच्या अक्का म्हणाल्या, अण्णा, गोष्ट तुम्हीच पुरी करा. नाही म्हणवेना. पण तिची गोष्ट माझ्या हातून नासायला नको होती. चार दिवस नातीच्या वहीत मांडणी केली. नवरा शोधत जातो, खानावळीत पोचतो, बायकोची पिशवी उचलतो, दोघं घरी येतात. कुठं फट नाही.

बायका सोलायला बसल्या आणि मी सांगायला लागलो. खानावळीपर्यंत झकास जमलं. नवरा जेवला, आणि मी म्हटलं, त्यानं पिशवी उचलली. अक्कांचा हात थांबला.

"अण्णा, ती यायची नाही. ती तिथं मजेत आहे."

राग आला. चार दिवस घातले होते मी. पण अक्का खरं बोलल्या. घरी आणायची घाई मला होती, गोष्टीतल्या बाईला नव्हती. वही मिटली.

"मग त्यानं पिशवी खाली ठेवली," मी म्हणालो, आणि पुढचं आपसूक येत गेलं. त्यानं आपलं ताट मागं नेऊन घासलं. शेजारी खरकट्या ताटांचा ढीग होता, तोही घासायला बसला. बायकोनं येऊन बघितलं आणि म्हणाली, "राख जरा कमी घ्या."

बायका खदखदून हसल्या. हे अगदी आमच्या हिचं बोलणं, आणि वहीत कुठंच नव्हतं. पण वहीनं मला खानावळीच्या दारात आणलं नसतं, तर तेही सुचलं नसतं.

अक्कांनी विचारलं, मग घरी कधी गेले?

"नाही गेले."

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणून त्यांनी पुढची शेंग उचलली.