भरलेला डबा

शेजारच्या काकूंनी आज बेसनाचे लाडू पाठवले. झाकण उघडताच वेलचीचा वास आला आणि मला न्यू जर्सीच्या कोर्टातला तो कॉरिडॉर आठवला.

२००४ साल असेल. मी तिथे सरकारी वकील होते. नवऱ्याने हात पिरगाळला म्हणून पोलिसांना फोन केलेली नागपूरची एक मुलगी माझी साक्षीदार होती. सुनावणीआधी तिने लाडवांचा स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला.

"ताई, केस कॅन्सल करा ना. त्याला शिक्षा झाली तर व्हिसा जाईल. मीही त्याच्याच व्हिसावर आहे."

पण केस तिची नव्हतीच, सरकारची होती. ती मागे घेता येईल का, असं मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांना आधीच दोनदा विचारून बघितलं होतं, दोन्ही वेळा ते नाही म्हणाले होते. साक्षीदाराकडून मला काही घेताही येत नव्हतं. हे सगळं मी तिला इंग्रजीत सांगितलं, कारण मराठीत ते तोंडातून निघेना. अडकली आहे ती, मी फक्त माझं काम करतेय, असं तेव्हा मला वाटत होतं.

रिकामा डबा परत करू नये, असं आई म्हणायची. मी तो भरलेलाच तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "चल, आपला नंबर आला."