दुसऱ्या मॅडमचं नाव

माणूस मेला की तो मेला, असं लिहून खाली सही करणं हे माझं काम. मी डॉक्टर, तेही कॅज्युअल्टीतली. त्यामुळे भूत, आत्मा वगैरे ऐकलं की मला हसू यायचं. आजही कुणी असलं काही सांगितलं तर मी आधी त्याचा ताप बघेन. तरी सांगते...

नाशिकमधलं एक मोठं हॉस्पिटल, नाव नको. आम्ही सगळे ज्युनिअर डॉक्टर अकरा महिन्यांच्या करारावर. मागचा करार संपला तेव्हा निम्म्यांना परत घेतलंच नाही, आणि त्यांच्या ड्युट्या आमच्या बोडक्यावर आल्या. सलग दीड-दीड दिवस उभं राहायचं, वर "तरुण आहात, चालतं" हे ऐकून घ्यायचं! शेवटी संप केला. ओपीडी बंद, कॅज्युअल्टी चालू.

आमच्यात एक नियम होता. मृत्यूची बातमी द्यायला एकट्याने जायचं नाही. एकाने बोलायचं, दुसऱ्याने नातेवाइकांच्या हातांकडे लक्ष ठेवायचं. मार खाऊन शिकलो होतो ते.

त्या दिवशी भर दुपारी चांदवडहून अपघातातला एक तरुण आणला. जिवाचं रान केलं, पण गेला. माझ्या जोडीचा डॉक्टर निखिल तेव्हा आमच्या वतीने हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांशी बोलायला गेला होता. फोन केला तर म्हणाला, "थांब गं जरा, कराराचंच चाललंय." इकडे नातेवाईक दारावर लाथा मारत होते, बिजागऱ्या निखळायला आल्या होत्या. आत बाकीचे पेशंट. मी एकटीच बाहेर गेले.

"आम्ही खूप प्रयत्न केले, पण—"

कुणीतरी केस धरून मला भिंतीवर आपटलं. तोंडावर बुक्की बसली, ओठ फाटला. मागे काच फुटली. मेलेल्याचा मोठा भाऊ, दांडगा गडी, त्याने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला.

"संप करता व्हय! माझा भाऊ मारला तुमी!"

स्टँड डोक्यावर येताना दिसला आणि मी डोळे मिटले. खरं सांगते, आईच आठवली.

कडाक्कन आवाज आला. हाड मोडल्याचा आवाज मला कळतो. पण मला काहीच लागलं नव्हतं.

डोळे उघडले तर तो गुडघ्यांवर पडलेला. उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळलेला. आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून तो किंचाळत होता, "सोड बाई, सोड! मोडला ना हात!" हात अजून पिळला जात होता... माझ्या डोळ्यांसमोर! बाकीचे एकमेकांना तुडवत पळाले.

एक्स-रेत दोन्ही हाडं पिळून मोडलेली निघाली. मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. हवालदार म्हणाले, "तुमची तक्रार घेतली मॅडम. पण समोरच्यांची पण आहे. त्या दुसऱ्या मॅडमचं नाव सांगा." त्यांनी नातेवाइकांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं. सगळ्यांचं एकच, मॅडम दोन होत्या. साहेबांना वाटलं, मी संपातल्या कुणालातरी पाठीशी घालतेय. "नाव द्या, नाहीतर तुमचा करार वाढणार नाही," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आता मी काय डोंबल नाव देणार?

म्हणून मी त्या भावालाच गाठलं. वॉर्डात प्लास्टर घालून पडला होता. त्याला बघून माझं डोकं फिरलं, त्याचा दुसरा हातही मोडावा असं वाटलं. म्हटलं, "कोण होती ती? नीट सांग."

त्याने प्लास्टरचा हात छातीशी ओढून घेतला.

"तुमच्यासारखाच पांढरा कोट व्हता. तुमच्या बाजूलाच उभी व्हती. माझं चुकलं मॅडम... पण त्या बाईला घरी जाऊ द्या वो. लय दिवस झोपलेली नाय ती. उभ्या उभ्या डोळे मिटत व्हते तिचे, अन् हात काय सोडत नव्हती."

तशी बाई आमच्यात कुणीच नव्हती. निखिलला, सिस्टरांना, जुन्या स्टाफला, सगळ्यांना विचारून झालं. नाव देता आलं नाही आणि माझा करार गेला. आता मी कळवणला आईकडे असते, पोटभर झोपते. ती कोण होती, मला अजूनही सांगता येत नाही. पण ती अजून तिथेच ड्युटीवर असेल, असं मनात आलं की मला रडू येतं.